घटक ६ : नामांचे वर्ग आणि पर्लमधील प्राचलित पॅकेजे

६.१ उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर, एकाच साच्यातून प्राचले बदलून अनेक पॅकेजे आज्ञावली चालू असतानाच कशी निर्माण करता येतात, हे तुम्हाला सांगता येईल. मराठी नामांच्या सामान्यरूपांसाठी अशी मांडणी कागदावर आखता येईल. तसेच साच्याला कोणती प्राचले द्यावीत, हा प्रश्न संगणकाचा कमी आणि व्याकरणाचा अधिक कसा आहे, याची चिकित्सा करता येईल. तुमच्याजवळ संगणक नसला तरी अडचण नाही. या घटकातील बहुतेक काम वही आणि पेन्सिल घेऊन करण्याजोगे आहे.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, एखाद्या वाचनालयाने आपल्याकडील जुन्या दिवाळी अंकांचा मजकूर संगणकावर टंकून घेतला आहे, अशी कल्पना करा. तुम्ही शोधपेटीत ‘घोडा’ हा शब्द लिहिता. ‘घोडा उधळला’ हे वाक्य लगेच सापडते. परंतु ‘घोड्यावर’, ‘घोड्याला’, ‘घोड्यांच्या’ ही रूपे ज्या पानांवर आहेत, ती पाने संगणक दाखवत नाही. त्याच्या दृष्टीने ‘घोडा’ आणि ‘घोड्या’ हे निराळे अक्षरक्रम आहेत. ‘शाळा’ शोधणाऱ्याला ‘शाळेत’ सापडत नाही आणि ‘वीट’ शोधणाऱ्याला ‘विटेवर’ सापडत नाही. मजकूर डोळ्यांसमोर असूनही हाताला लागत नाही, अशी ही स्थिती आहे.

यावरचा उपाय तुम्ही व्याकरणाच्या अभ्यासात पाहिलेला आहे. विभक्तिप्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लागण्यापूर्वी नामाचे जे रूप होते, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो. मराठी व्याकरणकारांनी सामान्यरूपाचे नियम नामाचे लिंग आणि नामाचा अंत्य स्वर यांच्या आधारे सांगण्याची परंपरा निर्माण केली. मोरो केशव दामले यांचे १९११ मधील ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा त्या परंपरेतील मोठा टप्पा होय. हे नियम संगणकाला कसे सांगावेत, हा या घटकाचा विषय आहे.

त्यासाठी मागील घटकात परिचय झालेली पर्ल ही स्क्रिप्टिंग भाषा आपण वापरणार आहोत. लॅरी वॉल यांनी ती १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. वॉल यांनी भाषाविज्ञानाचेही शिक्षण घेतले होते आणि मानवी भाषेतील लवचीकपणा आज्ञावलीच्या भाषेत यावा, असा त्यांचा आग्रह होता. मराठीच्या विद्यार्थ्याला ही भाषा परकी वाटू नये, याचे ते एक कारण आहे. पुढे कृतींचे टप्पे मराठीत लिहिले आहेत. प्रत्यक्ष टंकताना पर्लची मूळ पदेच वापरावी लागतील.

६.३ पॅकेज : नावांचे घर

पॅकेज म्हणजे नावांचे एक स्वतंत्र घर. एका गल्लीतल्या दोन वाड्यांत दोन गणेश राहत असले तरी टपालवाल्याचा घोटाळा होत नाही, कारण पत्त्यावर वाड्याचे नाव असते. त्याचप्रमाणे दोन पॅकेजांमध्ये ‘सामान्यरूप’ याच नावाची दोन फंक्शने असली, तरी पॅकेजचे नाव, दोन अपूर्णविरामांची जोडी आणि फंक्शनचे नाव असा पूर्ण पत्ता दिला की हवे ते फंक्शन नेमके गाठता येते.

पर्ल प्रत्येक पॅकेजसाठी नावांची एक सारणी ठेवते. कोणत्या नावाखाली कोणते फंक्शन आहे, याची नोंद त्या सारणीत असते. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, आज्ञावली चालू झाल्यावरही ही सारणी बंद होत नाही. तिच्यात नवे नाव घालता येते आणि जुन्या नावाखाली निराळे फंक्शन ठेवता येते. इतकेच नव्हे, तर आधी अस्तित्वातच नसलेल्या पॅकेजच्या नावाने नोंद केली, तर ते पॅकेज त्या क्षणी अस्तित्वात येते. त्यासाठी वेगळी धारिका लिहावी लागत नाही.

सर्व भाषा ही मोकळीक देत नाहीत. एडा या भाषेत प्राचलित पॅकेजची सोय १९८३ च्या प्रमाणित रूपापासूनच होती. तेथे एक सर्वसाधारण पॅकेज लिहायचे, त्याला प्राचले द्यायची आणि त्यातून ठरावीक पॅकेज तयार झाल्याची घोषणा करायची, अशी रीत आहे. परंतु ही घोषणा आज्ञावलीच्या मजकुरात आधी लिहून ठेवावी लागते आणि संकलक ती तपासून घेतो. पर्लमध्ये अशी खास वाक्यरचना नाही आणि तशी तपासणीही नाही. येथे आपणच साचा तयार करतो, आपणच त्यातून पॅकेजे काढतो आणि त्यांची जबाबदारीही आपल्यावरच राहते. या मोकळिकीची किंमत काय असते, ते ६.६ मध्ये पाहू.

६.४ हाताने लिहिण्याची अडचण

प्रथम साधा मार्ग पाहू. आकारान्त पुल्लिंगी नामांसाठी एक पॅकेज लिहावे. त्यात ‘सामान्यरूप’ हे फंक्शन असावे, आणि त्याने शब्दाच्या अंती असलेला ‘आ’ काढून तेथे ‘या’ असा आदेश करावा : घोडा – घोड्या, दिवा – दिव्या, रस्ता – रस्त्या. आकारान्त स्त्रीलिंगी नामांसाठी दुसरे पॅकेज लिहावे आणि त्यात ‘आ’च्या जागी ‘ए’ करावा : शाळा – शाळे, भाषा – भाषे. ‘देव’सारख्या अकारान्त पुल्लिंगी नामांसाठी तिसरे, ‘तळे’सारख्या एकारान्त नपुंसकलिंगी नामांसाठी चौथे, ‘माळी’सारख्या ईकारान्त पुल्लिंगी नामांसाठी पाचवे, याप्रमाणे पुढे जावे.

पाचव्या पॅकेजपर्यंत येता येता तुमच्या लक्षात येईल की, आपण एकच मजकूर पुन्हा पुन्हा उतरवून काढतो आहोत. प्रत्येक पॅकेजमध्ये दोन-तीन जागाच बदलतात. आणि अनेकवचनाचा विचार सुरू झाला की खरी पंचाईत होते. ‘देवा’वर अनुस्वार दिला की ‘देवां’ होते आणि ‘घोड्या’वर दिला की ‘घोड्यां’ होते. म्हणून पहिल्या काही पॅकेजांत ‘एकवचनी रूपावर अनुस्वार द्यावा’ एवढेच लिहून आपण पुढे जातो. मग ‘शाळा’ येते. तिचे एकवचनी सामान्यरूप ‘शाळे’, परंतु अनेकवचनी ‘शाळां’, ‘शाळें’ नव्हे. ‘नदी’चे एकवचनी ‘नदी’, अनेकवचनी ‘नद्यां’. नियमाची मांडणीच बदलावी लागते आणि ती सर्व पॅकेजांत बदलावी लागते. त्यांतील एखादे पॅकेज सुटतेच.

६.५ साचा आणि प्राचले

घरातला सोऱ्या आठवा. नळी तीच, दट्ट्या तोच; आतली चकती बदलली की शेव पडते किंवा चकली पडते. पॅकेजचा साचा म्हणजे नळी आणि दट्ट्या. चकती म्हणजे प्राचल, अर्थात साचा तोच ठेवून प्रत्येक वेळी बाहेरून बदलून द्यायचे मूल्य. उपमेत एक उणीव आहे. सोऱ्यात एका वेळी एकच चकती बसते, तर आपल्या साच्यातून निघालेली सर्व पॅकेजे आज्ञावली संपेपर्यंत एकमेकांशेजारी नांदत असतात.

आपल्या साच्याला दोन प्रकारची प्राचले लागतील. पहिला प्रकार ओळखीच्या प्राचलांचा आहे. हा वर्ग कोणता, हे ती सांगतात : अंत्य स्वर, लिंग आणि गरज पडल्यास उपवर्ग. दुसरा प्रकार कृतीच्या प्राचलांचा आहे. काय काढायचे आणि त्या जागी काय घालायचे, हे ती सांगतात. संस्कृत व्याकरणपरंपरेत ज्याच्या जागी बदल होतो त्याला ‘स्थानी’ आणि जो बदली येतो त्याला ‘आदेश’ म्हणतात. त्या संज्ञा येथे जशाच्या तशा उपयोगी पडतात. ‘शाळा’च्या वर्गासाठी स्थानी ‘आ’, एकवचनी आदेश ‘ए’ आणि अनेकवचनी आदेश ‘आं’. ‘घोडा’च्या वर्गासाठी स्थानी तोच ‘आ’, पण आदेश ‘या’ आणि ‘यां’. ‘नदी’च्या वर्गासाठी स्थानी ‘ई’, आदेश ‘ई’ आणि ‘यां’. असे केले की शाळेची आणि नदीची अडचण नियमातून निघून प्राचलांत जाते, आणि नियम सर्वांसाठी एकच राहतो.

निर्मितीचे टप्पे असे : वर्गांची यादी घ्या. यादीतील प्रत्येक वर्गासाठी ओळखीची प्राचले जोडून पॅकेजचे नाव तयार करा. कृतीची प्राचले वापरणारे एक निनावी फंक्शन तयार करा. ते फंक्शन त्या पॅकेजच्या सारणीत ‘सामान्यरूप’ या नावाखाली नोंदवा. शेवटी सर्व वर्गांना समान असलेल्या कृती ज्यात आहेत, अशा मूळ पॅकेजचा वारसा या नव्या पॅकेजला द्या.

हे करण्याचे दोन मार्ग आहेत. पहिल्या मार्गात पॅकेजचा संपूर्ण मजकूर एका दीर्घ अक्षरमालेत लिहितात, त्यातील रिकाम्या जागी प्राचले भरतात आणि तो मजकूर पर्लकडून आज्ञावली म्हणून वाचून घेतात. छापील अर्जाच्या गाळलेल्या जागा भराव्यात, तसे हे आहे. मार्ग समजायला सोपा आहे, परंतु मी तो तुम्हाला सुचवणार नाही. रिकाम्या जागेत आलेला मजकूर हा येथे केवळ शब्द राहत नाही. तोही आज्ञा म्हणूनच वाचला जातो. वर्गांची यादी दुसऱ्या कोणी पाठवली असेल आणि तिच्यात एखादे अवतरणचिन्ह चुकून राहिले असेल, तर आज्ञावली कोलमडते. कोणी मुद्दाम तेथे आज्ञा लिहून ठेवली असेल, तर ती निमूटपणे पाळली जाते.

दुसऱ्या मार्गात मजकूर जोडायचा नसतो. फंक्शन तयार होताना त्याच्या भोवतीच्या चलांची मूल्ये ते आपल्याजवळ बाळगते. अशा फंक्शनाला क्लोजर म्हणतात. ‘शाळा’च्या वर्गाचे क्लोजर ‘ए’ आणि ‘आं’ हे आदेश घेऊन जन्माला येते आणि ते अखेरपर्यंत विसरत नाही. आदेश येथे आदेशच राहतो. त्याची आज्ञा होत नाही. मात्र नाव अक्षरमालेच्या रूपात देऊन सारणीत नोंद करणे हे पर्लच्या कडक शिस्तीत बसत नाही. म्हणून ती शिस्त तेवढ्या एका ओळीपुरती सैल करावी लागते. एका ओळीपुरतीच, संपूर्ण धारिकेसाठी नव्हे. तसेच प्राचले धरणारे चल फेरीच्या आत नव्याने घोषित करावेत. ते फेरीबाहेर एकदाच घोषित केले, तर सर्व क्लोजरे एकाच चलाकडे पाहत राहतात आणि फेरी संपल्यावर सर्वांना शेवटच्या वर्गाचा आदेश मिळतो. पायथनमध्ये हे काम करणाऱ्यांना या खड्ड्याची चांगली ओळख असते.

६.६ गाळलेले प्राचल

आता एक अनुभव सांगतो. चूक माझीच होती आणि ती सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः अशी मांडणी तयार केली. सुरुवातीला माझ्या यादीत फक्त पुल्लिंगी वर्ग होते. त्यामुळे पॅकेजचे नाव तयार करताना मी केवळ अंत्य स्वर वापरला : आकारान्त, ईकारान्त, ऊकारान्त. घोडा, दिवा, रस्ता, माळी, विंचू हे शब्द देऊन पाहिले. सर्व रूपे बरोबर आली. पुढच्या आठवड्यात स्त्रीलिंगी वर्ग यादीत जोडले. शाळा, भाषा, सभा हे शब्द तपासले. तीही रूपे बरोबर आली. मी समाधानाने काम पुढे सरकवले.

महिनाभराने निघालेल्या यादीत ‘घोडेवर’, ‘दिवेखाली’, ‘रस्तेत’ अशी रूपे दिसू लागली. आता भाषाविज्ञानाच्या अभ्यासकाची गंमत पाहा. ही रूपे पाहताच माझ्या मनात आले की, मूळ शब्दयादीत हिंदीची सरमिसळ झाली असावी, कारण हिंदीत ‘घोडा’ आणि ‘रास्ता’ यांची रूपे प्रत्ययापूर्वी एकारान्तच होतात. दोन दिवस मी शब्दयादीत हिंदीचा शोध घेत होतो. उपपत्ती सुबक होती आणि पूर्णपणे चुकीची होती.

खरे कारण साधे होते. पुल्लिंगी ‘घोडा’ आणि स्त्रीलिंगी ‘शाळा’ हे दोन्ही आकारान्त. दोन्ही वर्गांसाठी माझ्या साच्याने एकच नाव तयार केले. पुल्लिंगी वर्गाचे फंक्शन सारणीत आधी नोंदवले गेले. नंतर त्याच नावाखाली स्त्रीलिंगी वर्गाचे नोंदवले गेले आणि पहिले पुसले गेले. दोन वाड्यांना मी एकच नाव दिले होते आणि टपालवाला बिचारा शेवटच्या वाड्यात पत्रे टाकत होता. मी पुल्लिंगी शब्द स्त्रीलिंगी वर्ग जोडण्यापूर्वी तपासले होते आणि स्त्रीलिंगी शब्द नंतर तपासले होते. त्यामुळे दोन्ही वेळा तपासणी यशस्वी ठरली.

पर्लने मला सावध केले नसते का? केले असते. आधीच अस्तित्वात असलेल्या फंक्शनाच्या जागी दुसरे नोंदवले गेले, तर सूचना देण्याची सोय या भाषेत आहे. परंतु चाचण्या घेताना त्या सूचना वारंवार पडद्यावर येत, म्हणून मी त्या साच्यातच बंद करून ठेवल्या होत्या. हाताने लिहिलेल्या दोन पॅकेजांना मी एकच नाव दिले असते, तर दुसरे लिहितानाच हात थांबला असता. साच्यातून निघालेली नावे कोणी डोळ्यांनी वाचत नाही.

दुरुस्ती एका शब्दाची होती : पॅकेजच्या नावात लिंगही घ्यावे. पण ती दुरुस्ती म्हणजे व्याकरणातील एक विधान आहे, हे ध्यानात घ्या. पारंपरिक व्याकरणात आपण ‘आकारान्त पुल्लिंगी नाम’ असे लांबलचक नाव घेतो, तेव्हा ते पाल्हाळ नसते. त्यातला ‘पुल्लिंगी’ गाळला, तर नियमच राहत नाही. जे प्राचल रूप बदलवते, ते ओळखीत असलेच पाहिजे.

६.७ किती प्राचले पुरेशी?

मग अंत्य स्वर आणि लिंग ही दोन प्राचले पुरतील का? वहीत ‘वाट’ आणि ‘भिंत’ हे शब्द लिहा. दोन्ही अकारान्त, दोन्ही स्त्रीलिंगी. त्यांना ‘त’ प्रत्यय लावा : ‘वाटेत’, परंतु ‘भिंतीत’. दोन्ही ओळखीची प्राचले सारखी असून रूपे भिन्न झाली. म्हणजे ६.६ मधील अपघात येथेही घडणार. एक वर्ग दुसऱ्याला पुसून टाकणार. येथे तिसरे प्राचल लागते. ते कोठून आणावे? प्रथमेचे अनेकवचन पाहा : ‘वाट – वाटा’, ‘भिंत – भिंती’. ‘लाट – लाटा – लाटेत’, ‘बहीण – बहिणी – बहिणीला’ हे शब्दही त्याच दोन वाटांनी जातात. तेव्हा ‘आकारान्त अनेकवचन’ आणि ‘ईकारान्त अनेकवचन’ असे दोन उपवर्ग करता येतात. ही माहिती शब्दाच्या चेहऱ्यावर लिहिलेली नसते. ती शब्दकोशातून किंवा बोलणाऱ्याच्या कानातून घ्यावी लागते. येथे मराठी बोलणाऱ्या तुमच्याइतका अधिकारी दुसरा कोणी नाही.

याच्या उलट काही भेद प्राचल म्हणून ठेवण्याची गरज नसते. ‘वीट – विटे’, ‘फूल – फुला’, ‘दूध – दुधा’, ‘जीभ – जिभे’ या रूपांत उपान्त्य दीर्घ स्वर ऱ्हस्व झाला आहे. हे शब्द वेगवेगळ्या लिंगांचे आहेत. एवढ्यासाठी प्रत्येक वर्गात ‘ऱ्हस्व होणारा’ आणि ‘न होणारा’ असे दोन भाग केले, तर पॅकेजांची संख्या उगाच दुप्पट होईल. हा बदल वर्गाचा नसून सर्व वर्गांवरून वाहणारा आहे. म्हणून तो मूळ पॅकेजमध्ये एकदाच लिहावा आणि बाकीच्यांनी तो वारशाने घ्यावा. ‘गीत – गीताला’, ‘दूत – दूताला’ यांसारख्या तत्सम शब्दांत स्वर दीर्घच राहतो. तेवढी अट त्या एकाच जागी घालता येते.

‘ससा – सशाला’, ‘घसा – घशाला’, ‘पैसा – पैशाला’ ही आणखी एक तऱ्हा. आकारान्त पुल्लिंगी असूनही ‘सस्याला’ होत नाही. ‘स’चा ‘श’ होतो आणि ‘य’ वेगळा दिसत नाही. हा वर्ग निराळा मानावा, की आदेश झाल्यानंतर लागू होणारा ध्वनिनियम मानावा? माझा कौल ध्वनिनियमाला आहे, कारण शब्दाकडे पाहूनच तो लागू करता येतो. परंतु दुसरा पर्याय निवडणाऱ्याची आज्ञावली चुकेल, असे नाही.

काही शब्दांपुढे मात्र साच्याने हात टेकावेत, हेच बरे. ‘नेता – नेत्याला’, ‘आत्मा – आत्म्याला’, पण ‘राजा – राजाला’. तिन्ही संस्कृतातून आलेले, तिन्ही आकारान्त पुल्लिंगी. ‘तत्सम’ असे प्राचल करून त्यांची वाटणी होत नाही. ‘काका’, ‘मामा’, ‘दादा’ हे नातेवाचक शब्दही ‘काकाला’, ‘मामाला’, ‘दादाला’ असेच राहतात. ‘मुलगा’चे ‘मुला’ होते. ‘माळी – माळ्याला’ असताना ‘हत्ती’ मात्र ‘हत्तीला’. अशा शब्दांसाठी अपवादांची सरळ यादी करावी आणि साच्याकडे जाण्यापूर्वी ती पाहावी. चार शब्दांसाठी चौथे प्राचल शोधण्याचा हव्यास धरू नये. अपवादाची यादी म्हणजे विश्लेषणाचे अपयश, असे काही अभ्यासकांना वाटते. मला तसे वाटत नाही. ‘राजा’ हा मराठीत जसा आहे तसा आहे.

६.८ काही व्यावहारिक सूचना

पॅकेज वर्गासाठी निर्माण करावे, शब्दासाठी नव्हे. सारणीत गेलेले पॅकेज काम संपले म्हणून आपोआप नाहीसे होत नाही. वर्ग वीस-पंचवीस असतील तर बिघडत नाही. प्रत्येक नामासाठी एक पॅकेज काढत गेलात, तर हजारो पॅकेजे स्मृतीत साचून राहतील. निर्मितीपूर्वी त्या नावाचे पॅकेज आधीच आहे काय, हे पाहावे. असेल आणि त्याची कृतीची प्राचले तीच असतील, तर जुनेच वापरावे. कृतीची प्राचले वेगळी असतील, तर आज्ञावलीने तेथेच थांबून तक्रार करावी. मी ही एक तपासणी लिहिली असती, तर माझे ते दोन दिवस वाचले असते.

देवनागरी मजकुराबाबत एक दक्षता घ्यावी लागते. ‘घोडा’ या शब्दात युनिकोडच्या हिशेबाने चार चिन्हे आहेत : घ, ओकाराची मात्रा, ड आणि काना. यूटीएफ-८ या पद्धतीत प्रत्येकी तीन, असे त्याचे बारा बाइट होतात. धारिका वाचताना ती यूटीएफ-८ आहे, हे पर्लला सांगितले नाही, तर ती बारा बाइटच मोजत राहते आणि ‘शेवटचे चिन्ह काढ’ म्हटल्यावर कान्याचा तिसरा हिस्सा तोडून ठेवते. शिवाय ‘नदी’तील वेलांटी आणि ‘आई’तील स्वतंत्र ‘ई’ ही युनिकोडमध्ये दोन वेगळी चिन्हे आहेत. आपल्या दृष्टीने दोन्ही शब्द ईकारान्त. साच्याला ते एकच आहे, हे मुद्दाम सांगावे लागते.

६.९ स्वयं-अध्ययन प्रश्न

प्रथम उत्तरे वहीत लिहा आणि मगच पुढील विवेचन पाहा.

१. ‘देव’ (पुल्लिंगी) आणि ‘घर’ (नपुंसकलिंगी) या अकारान्त नामांसाठी एकच पॅकेज चालेल काय?

२. साच्यात ‘या नावाचे पॅकेज आधीच असेल, तर तेच वापर’ एवढीच अट घातली आहे. पॅकेजच्या नावात मात्र फक्त अंत्य स्वर आहे. पुल्लिंगी वर्ग आधी निर्माण झाला, तर कोणत्या शब्दांची रूपे चुकतील?

३. ‘चूक’ हा शब्द ६.७ मधील कोणत्या उपवर्गात बसवाल?

६.१० उत्तरांचे विवेचन

१. केवळ सामान्यरूपापुरते चालेल : देवा – देवां, घरा – घरां. दोन्हींचे आदेश सारखेच आहेत. परंतु उद्या याच पॅकेजमध्ये प्रथमेचे अनेकवचन देणारे फंक्शन घालायचे ठरले, तर ‘देव’ आणि ‘घरे’ असा भेद पडतो आणि लिंग आवश्यक होते. एखादे प्राचल एका फंक्शनाला लागते आणि दुसऱ्याला लागत नाही, असे होऊ शकते. म्हणून ते नावात सुरुवातीपासून ठेवणे सोयीचे ठरते.

२. या वेळी स्त्रीलिंगी शब्द चुकतील. पहिले पॅकेज टिकून राहील आणि दुसरे निर्माणच होणार नाही. त्यामुळे ‘शाळ्यात’, ‘भाष्याला’, ‘सभ्याला’ अशी रूपे मिळतील. त्यांतील ‘भाष्याला’ हे ‘भाष्य’ या निराळ्या शब्दाचे योग्य रूप आहे आणि ‘सभ्याला’ हे ‘सभ्य’ या शब्दाचे. शुद्धलेखन तपासणारी आज्ञावली त्यांना मुकाट्याने पुढे जाऊ देईल. चुकीचे रूप नेहमी विचित्र दिसेलच, या भरवशावर राहू नका.

३. ‘चूक’चे अनेकवचन ‘चुका’, म्हणजे तो ‘वाट’च्या उपवर्गात जावा. पण आपण ‘चुकेमुळे’ म्हणत नाही, ‘चुकीमुळे’ म्हणतो. अनेकवचन एका उपवर्गाचे आणि सामान्यरूप दुसऱ्या उपवर्गाचे, अशी ही स्थिती आहे. काही विद्यार्थी त्यासाठी अपवादांची यादी सुचवतील; काही ‘चुकी’ असे स्वतंत्र नाम मानतील. दोन्ही उत्तरांना गुण मिळतील, मात्र असे वागणारे आणखी दोन तरी शब्द तुम्ही आपल्या बोलीतून शोधायचा प्रयत्न केलेला असावा, आणि ते सापडले किंवा सापडले नाहीत, हे उत्तरात नमूद केलेले असावे.